काजूच्या बागेभोवती जाळपट्टा : किती रुंद, कधी, कसा?

कातळमाळी :
रत्नागिरी तालुक्यात सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) उतारावर दोन एकर काजू आहे, वरच्या कोपऱ्यात थोडे हापूस. बागेखाली पश्चिमेच्या अंगाला दुसऱ्याचं पडीक रान आहे, कमरेएवढं कुसळी गवत. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथून वणवा वर येतो. जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला बागेभोवती गवत काढून ठेवलेला मोकळा पट्टा, किती रुंद हवा? मजूर म्हणतात तीन फूट पुरे. आणि तो जाळूनच घ्यायचा की नुसता साफ केला तरी चालेल?

रानवाट :
तीन फुटांत काही होणार नाही. वाऱ्यावर कमरेएवढ्या गवताच्या ज्वाळा सहज दोन मीटरच्या वर जातात आणि उतारावर त्या वरच्या बाजूला झुकतात, पट्टा ओलांडतात. ढोबळ हिशेब असा की चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो. तुमच्याकडे उतार पश्चिमेचा, त्यात दुपारचा खारा वारा खालून वर. म्हणजे खालच्या बाजूला किमान ६ मीटर, जमलं तर ८. दोन्ही कुशींना ४ आणि माथ्याला ३ मीटर पुरे.

रुंदीपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची. पट्ट्यातलं गवत ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात कापा. कापलेलं आठ-दहा दिवसांत वाळतं, आजूबाजूचं उभं गवत तेव्हा अजून हिरवट असतं, त्यामुळे पट्टा जाळताना आग बाहेर पळायचा धोका कमी. जानेवारीत पट्टा जाळायला गेलात तर वणवा तुम्हीच लावाल.

जाळण्याआधी पट्ट्याच्या दोन्ही कडांना मीटरभर जागा कुदळीने माती दिसेपर्यंत खरवडायची. वारा पडल्यावर, संध्याकाळी, वरच्या टोकाकडून सुरुवात करायची, म्हणजे आग उतरत येते, धावत नाही. एका वेळी दहा-पंधरा मीटरच पेटवायचं, तो तुकडा विझल्याशिवाय पुढचा नाही. चार माणसं, पाण्याने भरलेले १६ लिटरचे दोन फवारणी पंप आणि ऐनाच्या किंवा करवंदीच्या ओल्या डहाळ्या. शेजारच्या मालकाला आणि वनरक्षकाला आधी सांगा. हद्द राखीव जंगलाला लागत असेल तर परवानगीशिवाय काडी लावू नका, भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली तो गुन्हा आहे.

सडा_आणि_सावली :
वेळेबद्दल सहमत, जाळण्याबद्दल नाही. हापूसच्या बाजूला तरी अजिबात जाळू नका. नोव्हेंबर लांबला तर कोवळी पालवी आणि येऊ घातलेला मोहोर नुसत्या झळीने करपतो. तिकडे गवत कापून उचला आणि पट्टा खरवडून ठेवा. कापलेलं गवत वैरणीला किंवा आळ्यात आच्छादनाला वापरा, पण बुंध्याभोवती दोन-अडीच फूट जागा मोकळी ठेवा. आच्छादन बुंध्याला टेकलं की बारीक आगसुद्धा साल भाजते.

खरा घोटाळा पुढे होतो. नोव्हेंबरात झकास केलेला पट्टा फेब्रुवारीत पानांनी भरतो. साग, किंजळ, ऐन यांची पानगळ नेमकी वणव्याच्या दिवसांत असते आणि काजूचा पालाही पडत राहतो. पट्टा करून लोक निर्धास्त होतात आणि आग त्या पाल्यावरूनच आत येते. जानेवारीअखेरपासून मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी खराटा मारायलाच हवा.

पट्ट्यालगत वठलेलं झाड असेल तर तोडून आडवं करा. उभं वाळकं खोड पेटलं की ठिणग्या पट्ट्यापलीकडे पडतात, मग ६ मीटर काय नि १२ काय.

कातळमाळी :
आभारी आहे. कॅलिफोर्नियाच्या व्हिडिओत तर आग रुंद रस्तेसुद्धा ओलांडताना दिसते. मग ६ मीटर कसे पुरतील? आणि आग आलीच तर काय करायचं?

रानवाट :
ती आग शेंड्यांतून जाते, जळते निखारे वाऱ्याबरोबर लांबवर उडतात. आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगतचा, गवत-पाल्याचा. म्हणून पट्टा आणि डहाळ्या इथे कामी येतात.

विझवताना समोरून जायचं नाही. पाठीकडून आणि दोन्ही बाजूंनी झोडपत तोंड अरुंद करत न्यायचं. झोडपताना डहाळी वर उंच उचलू नका, दाबून धरा, नाहीतर ठिणग्या उडतात. आगीच्या वर चढावर किंवा घळीत कुणी थांबायचं नाही. अडकलात तर जळून काळ्या झालेल्या भागात शिरा. अंगात सुती कपडे, नायलॉन नको. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, गाव आणि सड्याचं नाव लगेच सांगा. उपग्रहावरून मिळणाऱ्या वणव्याच्या इशाऱ्यावर विसंबू नका, तो येईपर्यंत गवताची आग डोंगर पार करून गेलेली असते.

विझल्यावर शेणाच्या वाळक्या गोवऱ्या, बुंधे आणि वारूळाशेजारची लाकडं उलटून पाणी मारा. ती रात्रभर धुमसतात आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला वारा सुटला की पुन्हा पेटतात.

सडा_आणि_सावली :
एक राहिलं. भाजलेली काजूची झाडं लगेच तोडू नका. साल नखाने खरवडून पाहा, आत हिरवं असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा. उघड्या पडलेल्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी भांड्यात नको. फांद्यांची छाटणी नवी फूट कुठून येते ते दिसल्यावरच.