हिरडीखालचे कीटण हाताला जाणवत नाही. पुस्तकाकडे परत जावे की सराव वाढवावा?

प्रश्न : ठाण्यातील विद्यार्थिनी

नमस्कार. मी नवी मुंबईतील एका दंत महाविद्यालयात डेंटल हायजिनिस्टची (दात साफ करणाऱ्या व मुखस्वच्छता शिकवणाऱ्या सहायकाची) दोन वर्षांची पदविका करते आहे. टायपोडाँटवरील (कृत्रिम दातांच्या जबड्यावरील) सराव संपला असून आता आम्ही पेशंटचे स्केलिंग, म्हणजे दातांवरील कीटण काढण्याचे काम, करतो. डोळ्यांना दिसणारे कीटण मला नीट काढता येते. परंतु क्युरेट (कीटण खरवडायचे वाकड्या पात्याचे हत्यार) हिरडीखाली नेल्यावर हाताला लागते ते कीटण आहे की मुळाचाच उंचसखलपणा, हे उमगत नाही. दुपारपर्यंत अंगठा आणि मनगट दुखू लागते. दातांची रचना पाठ आहे, पण खुर्चीपाशी ती आठवत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : वाशीतील हायजिनिस्ट

या दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा पकडीत आहे. हत्यार घट्ट धरले की बोटांची संवेदना बोथट होते आणि अंगठाही दुखतो. अनामिका शक्यतो त्याच जबड्यातील जवळच्या दातावर टेकवा, मधल्या बोटाचे टोक हत्याराच्या दांड्यावर हलके ठेवा आणि ओढ बोटांनी न देता मनगट व हात एकत्र फिरवून द्या. शोधताना पकड सैल असावी. कीटण सापडल्यावर ते काढण्यापुरताच जोर द्यावा आणि लगेच पकड पुन्हा सैल करावी.

आता रचनेविषयी. वरच्या पहिल्या उपदाढेच्या पुढच्या बाजूला मुळावर खोलगट खाच असते. ती ठाऊक नसेल तर एक्सप्लोरर (चाचपून पाहायचे बारीक टोकाचे हत्यार) तिथे खाली उतरला की मन गोंधळते. ठाऊक असेल तर त्या खाचेच्या तळाशी बसलेला खरखरीत थर वेगळा ओळखू येतो. वरच्या दाढेला तीन मुळे आणि खालच्या दाढेला दोन, हे पाठ असणे पुरेसे नाही. ती मुळे जिथे फुटतात ती जागा हत्याराच्या टोकाला कुठे भेटेल, याचे चित्र मनात हवे. काढलेले दात निर्जंतुक करून घ्या आणि डोळे मिटून त्यांच्या मुळांवरून एक्सप्लोरर फिरवा. पुस्तक आणि हात यांचा सराव एकाच वेळी झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २ : खारघर येथील हिरडीरोगतज्ज्ञ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, त्यात धारेची भर घालतो. पाते हिरडीखाली नेताना ते दाताला जवळजवळ सपाट टेकलेले असावे आणि ओढ देताना त्याचा दाताशी कोन 45 ते 90 अंशांच्या दरम्यान असावा. कोन कमी पडला किंवा पाते बोथट असले, तर कीटण निघत नाही, केवळ घासून गुळगुळीत होते. मग ते कोणाच्याच हाताला सहज लागत नाही. त्यामुळे दगडावर धार लावण्याचे शिक्षण दुय्यम समजू नका. ग्रेसी क्युरेटमध्ये (दातांच्या ठरावीक बाजूंसाठी बनवलेल्या क्युरेटच्या संचात) 11/12 क्रमांकाचा दाढांच्या पुढच्या बाजूसाठी आणि 13/14 मागच्या बाजूसाठी असतो, हे तर हाताला सवयीने कळले पाहिजे.

स्केलिंगपूर्वी प्रत्येक दाताभोवती हिरडी आणि दात यांमधील फट किती खोल आहे, हे सहा ठिकाणी प्रोबने (खुणा असलेल्या मोजकाडीने) मोजावे. प्रोब टोचायचा नसतो, हिरडीच्या कडेने हलकेच पावले टाकत न्यायचा असतो. निरोगी हिरडीत 1 ते 3 मिलिमीटर खोली मिळते. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे आणि हृदयाच्या झडपेचा आजार यांची चौकशी त्याआधी झालेली असावी. अशा पेशंटबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

तुर्भ्याच्या बाजारातील अनेक माथाडी कामगार आमच्याकडे येतात. तंबाखूचा विडा गालाच्या ज्या कोपऱ्यात ठेवला जातो, तो कोपरा आरसा धरून आधी नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवा. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यातील (डेंटिस्ट्स ॲक्ट) हायजिनिस्टच्या व्याख्येत दात साफ करण्याबरोबरच मुखस्वच्छतेचे शिक्षण देणेही येते, आणि मिशरी लावणाऱ्या आजीबाईंना ती सोडण्याविषयी सांगणे हा त्याच कामाचा भाग आहे.

उत्तर ३ : कोपरखैरणे, द्वितीय वर्ष

अल्ट्रासोनिक स्केलर (सूक्ष्म कंपनांनी कीटण काढणारे यंत्र) असताना हाताच्या हत्यारांवर एवढा भर द्यावा का?

उत्तर ४ : वाशीतील हायजिनिस्ट

द्यावा. यंत्राने जाड कीटण लवकर निघते, परंतु मुळाचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला की नाही हे शेवटी एक्सप्लोररनेच तपासावे लागते. यंत्र वापरतानाही टोक दातावर रोवू नये, त्याची कड हलकेच टेकवून सतत फिरती ठेवावी आणि पाणी पुरेसे सोडावे. अन्यथा दात तापतो आणि मुळावर ओरखडे उठतात.