मदत हवी आहे: सासूबाई शेवटच्या टप्प्यात, सासऱ्यांना कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. सासूबाईंचा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरलाय. केमो थांबवली, त्यांना घरीच राहायचंय. मॉर्फिनच्या गोळ्यांनी वेदना बऱ्यापैकी आटोक्यात आहेत.

अडचण बाबांची आहे. आई जेवत नाहीत हे त्यांना सहनच होत नाही. सारखी पेज घेऊन बसतात, आईंनी मान फिरवली की गॅलरीत जाऊन रडतात. अखेरच्या काळात भूक-तहान मावळते, शरीराला अन्न झेपत नाही, बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मला हे कळतं. पण परवा ते म्हणाले, "तिला उपाशी ठेवणार का तुम्ही?" राग नाही आला मला. इतक्या वर्षांचा संसार, त्यांचं दुःख आत्तापासूनच सुरू झालंय. ओठ ओल्या बोळ्याने टिपणं, पाय चोळणं, जवळ बसून बोलणं हे त्यांच्याकडे सोपवावं असं वाटतं. भरवणं सुटलं तरी सेवा सुटणार नाही ना! कुणी असं केलंय का? कोणत्या शब्दांत सांगितलंत?

वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा) सेंटर १९९७ पासून मोफत सेवा देतं. तिथे घरच्यांचं समुपदेशन कसं होतं, अनुभव असेल तर कृपया लिहा. कोथरूड-कर्वेनगर भागात रात्री घरी येणारी, अशा रुग्णांची सवय असलेली नर्सही हवी आहे.

आणि मुलगा तिसरीत आहे. रोज विचारतो, आजी बरी होणार ना? त्याला खरं कसं सांगायचं?