एमएससी इलेक्ट्रॉनिक्सनंतर आयटीची ऑफर घ्यावी का?

चाकणकर:
भाच्याचं एमएससी इलेक्ट्रॉनिक्स यंदा झालं. हातात आयटी कंपनीची सॉफ्टवेअर टेस्टिंगची ऑफर आहे. दुसरीकडे भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत एम्बेडेडचं काम (म्हणजे यंत्रातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहायचा आणि तिचा बोर्ड तपासायचा), पगार जवळपास निम्मा. माझं मत: त्याने भोसरीच धरावी. सुरुवातीची दोन-तीन वर्षं टेबलावर बोर्ड आणि हातात तो तपासायचा प्रोब नसेल तर या पदवीला गंज चढतो. आयटीतून परत हार्डवेअरला आलेला मला तरी कुणी दिसला नाही. घरचे मात्र आयटीच्या बाजूने आहेत.

सईची आई:
निम्मा पगार म्हणायला सोपं आहे हो. त्यात कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि पेट्रोल भागवून दाखवा. दोन वर्षं आयटी करू दे, चार पैसे गाठीला बांधू दे, मग सीडॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करेल. कुठे बिघडलं?

चाकणकर:
बिघडतं ते मुलाखतीत. सी भाषेत 'व्होलाटाइल' हा शब्द कशासाठी, इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून चिप जे तातडीचं काम करते त्यात) काय करू नये, हे दोन वर्षांनंतर आठवणार आहे का?

तांब्याची तार:
पगारापेक्षा शेजारी कोण बसतं ते बघा. मी फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, लिहितो. मध्यंतरी आमच्या बोर्डावरचा सेन्सर मधूनच गप्प व्हायचा. नवा मुलगा दिवसभर कोड चाळत बसला. सिनियर मॅडमनी स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला, तर आयटूसीच्या, म्हणजे सेन्सर आणि कंट्रोलर चिपला जोडणाऱ्या, लाइनवर सिग्नल सरळ वर जायच्या ऐवजी रेंगाळत चढतोय. लाइन वर ओढणारे बाहेरचे पुल-अप रेझिस्टर बसवलेच नव्हते. सगळा कारभार कंट्रोलरच्या आतल्या चाळीसेक किलोओहमच्या कमजोर रेझिस्टरवर. 400 किलोहर्ट्झच्या वेगाला लाइन धड वर पोचायच्या आत पुन्हा खाली. 4.7 किलोओहमचे दोन लावले, सेन्सर बोलायला लागला. असं दाखवणारं कुणी भोसरीत असेल तर डोळे झाकून जावं. नुसतं जुन्या मालाचं रिपेअरिंग करून घेणार असतील तर सईच्या आईंचं बरोबर आहे.

बिनतारी:
आणखी एक. बऱ्याच जाहिरातींत 'फक्त बीई/बीटेक' असतं. एमएससीवाल्याचा अर्ज एचआरच्या चाळणीतच अडकतो, मग तो कितीही हुशार असो. म्हणून ज्या कोअर (म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचंच काम करणाऱ्या) कंपनीने आपणहून दार उघडलंय तिथे आधी शिरावं.

गणपत वाणी:
एवढी घाई का? सेमीकंडक्टरचे कारखाने येतायत की.

बिनतारी:
सेमीकंडक्टरसाठी केंद्राची 76,000 कोटींची योजना 2021 मध्ये मंजूर झाली तेव्हापासून सगळे तेच म्हणतायत. साणंदला मायक्रॉनचं काम आहे ते चिपच्या जोडणी-चाचणीचं. डिझाइन म्हणाल तर मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद, नोएडा, आणि तिथे व्हीएलएसआयमध्ये (म्हणजे चिप-डिझाइनमध्ये) एमटेक केलेल्यांची रांग. त्या रांगेत लागायचं तर एमटेकच्या प्रवेशाची गेट परीक्षा द्यावी, नाहीतर व्हेरिलॉग ही चिप-डिझाइनची भाषा पक्की करावी. वाट बघत घरी बसू नये.

चाकणकर:
तारवाल्यांचं ऐकून भाच्याला कंपनीत चौकशीला पाठवलं. लॅब लहान आहे, पण स्कोप आहे, आणि फर्मवेअर बघणारे एक जुने साहेब रोज तिथेच बसतात. दीड वर्षाचा बॉन्ड मात्र आहे. तरी मी म्हणतो जावं.

सईची आई:
बॉन्ड? हे आधी सांगायचं ना! सोडायची वेळ आली तर किती भरावे लागतील ते लेखी घ्या, आणि मूळ मार्कशीट मागितल्या तर देऊ नका. माझं मत तेच आहे, आयटी.