वरचं खाणं सुरू केलं तेव्हा तुमच्याकडे काय काय झालं?

घोडबंदरवाली
लेक आता नऊ महिन्यांची. सहा पूर्ण झाल्यावर उष्टावण केलं, मामाने चांदीच्या चमच्याने खीर लावली, फोटो झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे वरणाचं पाणी, मुगाचं पाणी, भाताची पेज, सगळं पाणीच पाणी. सासूबाई इतक्या प्रेमाने गाळून द्यायच्या की डाळीचा एक कण दिसला तर परत गाळायच्या. आठव्या महिन्यात वजनाचा काटा हललाच नाही. डॉक्टर रागावले वगैरे नाहीत, एवढंच म्हणाले की घरी जाऊन चमचा तिरका करून बघा, घास लगेच ओघळला तर ते जेवण नाही, पोट एवढंसं असतं, ते पाण्यानेच भरलं तर ना अन्न जातं ना दूध. घट्ट करा, वर तूप सोडा. मी सासूबाईंसमोरच चमचा तिरका केला. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वरणभात स्वतः घोटला, आणि आता चमचा उलटा धरून मलाच दाखवतात, "बघ, पडत नाहीये".
तर तुमचं लिहा. सल्ले नकोत प्लीज, ते मला रोज लिफ्टमध्ये सोळाव्या मजल्यापर्यंत मिळतात. झालेलं लिहा, फजिती आधी.

ठाणे-वाशी लोकल
फजितीच लिहिते. शेवटच्या आठवड्यापर्यंत कामावर गेले म्हणून रजेचे 26 आठवडे जवळपास सगळे बाळासोबत मिळाले, पण रजा संपते तीही नेमकी वरचं सुरू करायच्या वेळीच. ऑफिसात पंप करायला जागा नव्हती, मीटिंग रूमला आतून कडी नाही, मग स्टेशनरीच्या खोलीत कागदाच्या खोक्यावर बसून करायचे आणि बाहेर मैत्रीण पहारा देणार. आईसपॅकच्या पिशवीतून लोकलमधून घरी आणायचं, मांडीवरची पिशवी कोणी दाबू नये म्हणून कोपर बाहेर काढून बसायचे. असं जमवलेलं 120 मिली दूध फ्रिजमध्ये होतं. आईने बघितलं तर वर मलईचा थर आणि खाली पातळ निळसर, तिला वाटलं नासलं, सिंकमध्ये ओतलं! आईचं दूध ठेवलं की असंच वेगळं होतं, बाटली हलकी फिरवली की एक होतं, आणि गॅसवर न तापवता गरम पाण्याच्या वाटीत ठेवायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. त्या रात्री मी रडले आणि माझ्यापेक्षा जास्त आई रडली.

खारघरचा बाबा
मी वाफवलेलं गाजर लेकीच्या हातात दिलं, तिने घशापर्यंत घातलं, लाल झाली, ओकारी काढायला लागली. मी घाबरून तिला उलटं केलं, सगळं माझ्या शर्टावर. नंतर कळलं की आवाज येतोय, खोकतंय म्हणजे ती स्वतःच बाहेर काढतेय, मध्ये बोट घालायचं नाही. आवाज बंद झाला, रडता येईना, ओठ निळे पडले तर मात्र थांबायचं नाही, पालथं हातावर घेऊन डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून दोन बोटांनी छातीवर पाच दाब, आणि कोणीतरी अँब्युलन्सला फोन. मी आणि बायकोने बाहुलीवर प्रॅक्टिस केली, बाहुलीचा हात निघाला. द्राक्षं अजून उभी चिरून चार तुकडे करतो, अख्खे शेंगदाणे घरात येतच नाहीत.

नौपाड्याची आजी
नात टाईप करून देते आहे. आम्ही बोंडल्याने पाजलेली माणसं. माझ्या दोन्ही मुलांना जन्मल्या जन्मल्या मध चाटवला होता, म्हणून नातवालाही चाटवायला निघाले तर सुनेने हात धरला. वर्षाच्या आत मध नको, त्यातल्या जंतूंची बीजं तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष करतात म्हणे. मी दोन दिवस बोलले नाही. मग डॉक्टरीणबाईंनीच तेच सांगितलं, काय करता.
पण नाचणी सत्त्व मीच शिकवलं हो. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, जराशी भाजून दळायची, मलमलच्या कापडातून गाळायची. पावसाळ्यात करू नका. मोड येतात, वाळत नाही. मी एकदा पंख्याखाली वाळवली, तिसऱ्या दिवशी आंबूस वास, अख्खा किलो फेकला.

सीवूड्स
आमची 32 आठवड्यांची, म्हणजे आठ आठवडे आधी आलेली. कॅलेंडरने सहा महिने झाले तेव्हा मान नीट धरत नव्हती, आणि गार्डनमध्ये रोज एक काकू, "अजून बसत नाही? आमची तर या वयात..." डॉक्टर म्हणाले डिलिव्हरीची जी तारीख दिली होती तिथून महिने मोजा, त्या हिशोबाने ती चारचीच. आधार देऊन बसायला लागली, आमच्या ताटाकडे बघून तोंड हलवायला लागली तेव्हा त्यांना विचारूनच सुरू केलं. काकूंना मी आता ती तारीखच वाढदिवस म्हणून सांगते. खोटं असेल, पण गार्डनमध्ये शांतता आहे.

दिवाळे कोळीवाडा
आमच्याकडे मुडदुशी. उकडायची, काटा बोटांनी दोनदा चाचपायचा, मऊ भातात कालवायची. बाहेरचे डोळे मोठे करतात, एवढ्याशा पोराला मासा? डॉक्टरांनीच सांगितलं मासा, अंडं वर्षाच्या आत चालतं, फक्त नवीन काही असेल तर एका वेळी एकच.

कापूरबावडी
मुलगा दीड वर्षाचा, मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. दहा मिनिटांत वाटी साफ, आम्ही खूश. एकदा बॅटरी गेली तर त्याने वाटीकडे असं बघितलं जसं पहिल्यांदाच बघतोय. त्या दिवसापासून बंद. पहिले चार दिवस तीन-तीन घास, आजोबा कासावीस. पाचव्या दिवशी पेपर पसरून आमच्यासोबत खाली बसवला. त्याने भेंडीची चकती उचलली, बोटाला चिकटली, सुटेना, म्हणाला "चिक". खाल्ली नाही. भिंतीला लावली.

घोडबंदरवाली
आजी, तुमचा किलो वाचून दाखवला. सासूबाई आत्ता उठून बाल्कनीतली नाचणी आत घेऊन आल्या, येऊरच्या बाजूने आभाळ आलंय.