बाळाआधी बाळंतिणीकडे पाहावे

मुलाच्या घरी नातवंड पाहायला गेल्यावर सुनेने बाळाला मनासारखे घेऊ दिले नाही म्हणून वाईट वाटल्याचे आपण लिहिले आहे, आणि तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पिते, त्यामुळे आईला सलग झोप अशी मिळतच नाही, हे ध्यानात घेतले तर तिच्या वागण्याकडे आपण निराळ्या नजरेने पाहाल. ती पाजायला बसली की तिच्या हाताशी पाण्याचा पेला ठेवावा, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात. मग ढेकर काढण्यासाठी बाळ आपल्या खांद्यावर ती आपणहून देईल. पहिले ६ महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बाळाला पालथे न झोपवता उताणेच झोपवावे, असाही आता सल्ला असतो. यावर मुलगा-सुनेशी वाद घालू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्याला सर्दी-खोकला असेल तर त्यांच्याकडे जाणे पुढे ढकलावेच. आणि किती दिवस राहायचे, हे निघण्यापूर्वी एकट्या मुलाला नव्हे, तर दोघांनाही विचारून ठरवावे.