मार्लटन सर्कल गेलं कुठे?

नवा_चेरीहिलकर: साउथ जर्सीत, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण भागात, नुकतेच राहायला आलोय. रूट 70 आणि 73 मिळतात त्या जागेला सगळे ‘मार्लटन सर्कल’ (सर्कल म्हणजे गाड्या गोल फिरून वळतात तो चौक) म्हणतात. तिथे तर पूल आहे, 73 वरून आणि 70 खालून. सर्कल का काढलं?

जुनी_जर्सीकर: पूल 2011 मध्ये पूर्ण झाला. त्याआधी मी तिथून कित्येक वर्षं गाडी चालवली आहे. 70 समुद्रकिनाऱ्याकडे जातो, 73 टॅकोनी-पाल्मायरा पुलाकडून येतो. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी दोन्हीकडची गर्दी तिथे एकमेकींत अडकायची. पुढे 73 ला वर्तुळाच्या मधून सरळ वाट काढून सिग्नल बसवले, म्हणजे धड सर्कलही नाही आणि धड चौकही नाही. मला तर ते आणखी धोक्याचं वाटायचं.

आपल्या राज्यात सर्कलची पद्धत जुनी. पेनसॉकनचं एअरपोर्ट सर्कल 1925 चं, फिलाडेल्फियाकडे जाणारा बेन फ्रँकलिन पूल खुला झाला त्याच्या आदल्या वर्षीचं. तेव्हाच्या तुरळक गाड्यांना न थांबता वळता यावं, हा विचार चांगलाच होता. पण आधी कोणी जायचं, हे कधी पक्कं ठरलंच नाही. राज्याच्या ड्रायव्हर मॅन्युअलमध्येही सर्कलसाठी ठरावीक नियम नाहीत, समजूतदारपणे चालवा एवढंच सांगतात. बाहेरून येणारा थेट आत घुसला की आतला अडकतो, त्याच्यामागे बाहेर पडायची वाटही तुंबते आणि अख्खं वर्तुळ जाम होतं.

नवा_चेरीहिलकर: मग आधुनिक राउंडअबाउट का नाही केलं?

जुनी_जर्सीकर: ब्रिटनने 1966 मध्ये आत फिरणाऱ्याला प्राधान्य दिलं, तिथून राउंडअबाउट खरं सुधारलं. ते आकाराने लहान असतं, त्यामुळे वेग आपोआप उतरतो. न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला जुनं सर्कल असंच बदललंय. पण इथे दोन्ही हायवे अनेक लेनचे, आणि सरळ जाणाऱ्या गाड्यांचा लोंढा मोठा. त्यांना वेगवेगळ्या पातळीवर नेणंच योग्य होतं, असं माझं ठाम मत आहे.

सायकलवाला: गाड्यांची सोय झाली, मान्य. पण पायी किंवा सायकलवर तो भाग ओलांडणं अजूनही नकोसं वाटतं.

जुनी_जर्सीकर: अगदी खरं. रॅम्पवरून येणारी गाडी वेग कमी करत नाही, तिथे फार जपा. आणि चेरीहिलकर, एअरपोर्ट सर्कलला पहिल्यांदा जाल तेव्हा रविवारी सकाळी जा. लेन आधीच धरा, आणि बाहेर पडायची वाट चुकली तर अचानक वळू नका, आणखी एक फेरी मारा.