शाळेच्या छपराचं काम झालं म्हणतात, ते तपासलं कोणी?

सत्तरीची_आई
आमची गोव्यातल्या गावातली सरकारी प्राथमिक शाळा, मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. मे महिन्यात कौलं बदलली, रंग मारला आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात दुसरीच्या वर्गात पाणी. मुलं बाकं सरकवून बसतात. बाईंनी वर कळवलं तर उत्तर आलं की काम पूर्ण आहे, बिल पास झालंय. म्हणजे ज्यांनी काम करून घेतलं त्यांनीच ते बरोबर झालं असं लिहून दिलं. बाहेरचा माणूस बघतच नाही काय? समितीला तर कोणी विचारलंसुद्धा नाही.

डिचोलीकर
आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ वाचा. समितीत ७५ टक्के पालक, निम्म्या बायका, आणि शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा खर्च बघणं हे समितीचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण खरी मेख इथेच आहे, कारण समग्र शिक्षा या सरकारी योजनेची वार्षिक ग्रँट (३१ ते १०० मुलं असली तर २५ हजार) शाळेकडे येते तिचा हिशेब तुम्ही बघता, आणि छपराचं मोठं काम साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं) किंवा पायाभूत विकास महामंडळाकडून होतं, तो पैसा शाळेच्या खात्यात येतच नाही.

जुना_जेई
बाई, मी बांधकामातच नोकरी केली, जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता होतो. तुम्ही एस्टिमेट आणि मेजरमेंट बुकाची (एमबी, झालेल्या कामाची मापं लिहायची वही) प्रत मागा, बिल एमबीवरच निघतं. एस्टिमेटात रिपर (कौलांखालच्या पट्ट्या), वासे नवीन लिहिलेत आणि वर चढून बघितलं तर जुनेच, असं निघालं तर तिथेच सगळं कळतं. आणि दोषदायित्वाचा काळ (काम झाल्यावर दोष निघाला तर कंत्राटदार जबाबदार असतो ती मुदत) संपलाय का तो कंत्राटात बघा, नसेल तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने गळती काढायची, त्याची ठेव खात्याकडे असते. हे लेखी द्या, फोनवर नको.

पेडण्याचा_पालक
कॅगचं ऑडिट असतं ना पर्वरीच्या महालेखाकारांकडून? स्वतंत्र म्हणजे तेच की.

जुना_जेई
असतं, पण ते नमुन्याला काही कामं घेतात, आणि पैसे खर्च झाल्यावर. अहवाल विधानसभेत जातो, मग लोकलेखा समिती. तुमच्या एका शाळेचं छप्पर त्यात येईल असं धरून बसू नका. मला वाटतं कौलं खाली उतरलेली असताना कोणी तरी परका इंजिनिअर उभा हवा, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला चालेल, पण त्याची फी कंत्राटदाराने देता कामा नये. कौलं परत चढली की आतलं लाकूड कोणाला दिसणार?

डिचोलीकर
आणि माहिती अधिकारात नुसती कागदाची प्रत नाही मिळत हं, २००५ च्या कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि सामानाचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्क आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

सत्तरीची_आई
नमुन्याचं माहीतच नव्हतं. अर्ज उद्याच देते, एस्टिमेट, एमबी आणि वाशांची पाहणी, तिन्ही मागते. येत्या ग्रामसभेतही विषय घालते. जेई सर, एमबीत कौलांचा आकडा नगात लिहितात की चौरस मीटरमध्ये? पाहणीच्या दिवशी आम्ही पालक टेप घेऊन जाणार आहोत.

जुना_जेई
छपराचं माप चौरस मीटरमध्ये, लाकडाचं घनमीटरमध्ये. उताराची लांबी धरा, जमिनीवरची नको.